दुसऱ्या खुर्चीसाठी लागणारं सामान

भाऊजी,

क्लबच्या सेक्रेटरींनी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. स्मरणिकेत छापायची आहेत. नमुना म्हणून त्यांनी मागच्या अंकातला एक लेख पाठवला. त्यात पहिल्याच ओळीत ‘आकाशाला गवसणी’ आणि तिसऱ्या ओळीत ‘ध्येयवेडा’. मी त्यांना फोनवर सांगितलं, माझे दीर काटे दुरुस्त करायचे, आकाशाला त्यांनी काही घातलं नाही, आणि वेडे असतील तर ते घरच्यांनी म्हणायचं. ते म्हणाले, बरं, तुम्हाला जमेल तसं लिहा. तुमच्यामागे तुमच्याबद्दल बोलायची मला सवय नाही. चाळीस वर्षं जे बोलले ते तोंडावर बोलले. म्हणून हे तुम्हालाच लिहिते. त्यातलं चालेल ते त्यांनी छापावं.

सुरुवात दुकानापासून करते, कारण तुम्ही जिथे गेलात तिथे दुकान घेऊनच गेलात.

एका बाजूला कुलूपवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, मध्ये तुमची सव्वासहा फुटांची जागा. छताला तराजू टांगलेले, खाली घड्याळाच्या तोंडाचे काटे, मागे धान्याच्या पोत्यांचे मोठे काटे उभे. वजनमाप खात्याने तुम्हाला परवाना दिला होता आणि नंबर दिला होता एकशे बारा. काटा उघडायचा, जुनं सील तोडायचं, दुरुस्त करायचा, स्क्रूच्या भोकांतून तार ओवायची, तारेवर शिशाचा मणी, आणि मण्यावर चिमट्याने एकशे बारा. तो आकडा दिसला की बाजारात पुढे कुणी वाद घालत नसे. दिवसाला पंधरा-वीस सीलं तुम्ही तोडायचात आणि तेवढीच लावायचात. पुढे काय झालं ते कळायला एवढं पुरे.

बाकी तुमचा स्वभाव सगळ्यांना माहीत होता. कुणाच्या घरी गेलात की न्हाणीघराबाहेरच्या वजनकाट्यावर आधी पाय. आमच्या घरी आलात की माझा स्वयंपाकघरातला काटा उचलून कानाशी धरायचात, जणू तो काहीतरी कबूल करणार आहे. तुमचे दादा म्हणायचे, याच्या काट्यावर माशी बसली तर हा आधी माशीचं वजन वजा करतो, मग हाकलतो. धाकट्या भावाचं यापेक्षा जास्त कौतुक त्यांना जमलं नाही.

विमानाच्या नादी तुम्ही लागलात तेही काट्यामुळेच. तुमची पन्नाशी उलटली होती. गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर फ्लाइंग क्लबचा वजनकाटा बिघडला म्हणून तुम्हाला बोलावलं. विमानाच्या तीन चाकांखाली तीन काटे ठेवून वजन करतात आणि त्यावरून भार कुठे पडतो ते काढतात, हे तुम्ही तिथे पाहिलं. तासाभराचं काम, तुम्ही संध्याकाळी परत आलात. जेवताना म्हणालात, “वहिनी, एवढं मोठं यंत्र, आणि शेवटी तराजूच.” पुढच्या रविवारी तुम्ही क्लबमध्ये नाव घातलं. दोन वर्षांत चालवायचा परवाना काढला. आणि मग जाहीर केलं की विमान घरी बांधणार.

घरी म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. सांगाडा दुकानामागच्या शेडमध्ये, इंजिन तुमच्या पलंगाखाली, आणि डावा पंख पावणेदोन वर्षं आमच्या पॅसेजमध्ये. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आडवा होऊन आत यायचा. मी त्यावर नॅपकिन वाळत घालायचे, आणि तुम्ही ते उचलून, पंख पुसून, परत होते तसे घालायचात. अकरा वर्षं हे चाललं. अकरा वर्षांत लोकांची मुलं शिकून नोकरीला लागतात.

पंखांवरचं कापड माझ्या धाकट्या जाऊबाईंनी शिवलं, म्हणजे तुमच्या बायकोने. शाळेचे गणवेश शिवून त्यांचा हात बसलेला. नकाशात लिहिलं होतं की टाके अडीच इंचांवर हवेत. त्यांनी ते अडीच इंचांवरच घातले, सतराशेच्या वर टाके, आणि तुम्ही पट्टी घेऊन प्रत्येक टाका मोजलात. त्यांनी सुई खाली ठेवली आणि म्हणाल्या की आता नवरा म्हणून मोजताय की गिऱ्हाईक म्हणून, ते सांगा, त्याप्रमाणे बोलते. तुम्ही पट्टी खिशात घातलीत. मोजणं डोळ्यांनी चालू ठेवलंत.

विमानात दोन खुर्च्या होत्या, शेजारी शेजारी. दुसरी तिच्यासाठी, हे तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं. त्या बसणार नाहीत, हे त्यांनीही पहिल्याच दिवशी सांगितलं. क्लबमधल्या कुणीतरी त्यांना समजावलं की एवढं घट्ट शिवलंय, भीती कसली. त्या म्हणाल्या, “दुसऱ्या कुणी शिवलं असतं तर बसले असते.”

आता कागद. इथे माझा संबंध येतो, आणि खरं तर माझी चूकही इथूनच सुरू होते, पण ते क्रमाने.

विमान पुरं होत आलं तेव्हा विमान खात्याकडून एक छापील यादी आली. विमानात कोणकोणती उपकरणं असलीच पाहिजेत, त्रेचाळीस बाबी. तुम्ही ती घेऊन आमच्याकडे आलात तेव्हा तुमचा चेहरा लग्नातल्यापेक्षा उजळलेला होता. त्रेचाळीस काटे एका फळीवर! मी यादी हातात घेतली. मी एकोणतीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासले आहेत. नियम काय म्हणतो ते मी नंतर वाचते, कुणाला म्हणतो ते आधी. डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: कारखान्यात तयार झालेल्या व प्रमाणपत्र मिळालेल्या विमानांसाठी. तुमचं विमान कारखान्यात तयार झालं नव्हतं. निम्मं माझ्या पॅसेजमध्ये झालं होतं.

नियमांचं जाडं पुस्तक आपण क्लबमधून आणलं आणि मी आठवडाभर वाचलं. त्यातून जे निघालं ते असं: हौसेने घरी बांधलेल्या विमानाला ती सरसकट यादी लागू नाही. त्याऐवजी तपासनीस येतो, विमान बघतो, आणि त्या एका विमानापुरता अटींचा एक कागद लिहून देतो. त्या कागदावर जे आहे तेवढाच त्या विमानाचा कायदा. लेकीला एक नियम आणि सुनेला दुसरा, तसं. रात्री उडायचं किंवा ढगांत शिरायचं असेल तर मात्र घरचं असो की कारखान्याचं, सगळी यादी लागते. तुम्ही दोघंही नऊला झोपत होतात, त्यामुळे तो प्रश्न निकालात निघाला. दिवसा, स्वच्छ हवेत उडायला तुमच्यासारख्या विमानाला साधारण अकरा बाबी सांगतात. वेग, उंची, दिशा, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब, प्रत्येक टाकीत इंधन किती, असलं सगळं.

तुम्ही हिरमुसलात. म्हणालात, “वहिनी, तुम्ही माझे बत्तीस काटे घालवलेत.”

तरी त्या अकरांत तुम्ही काही कमी ठेवलं नाही. इंधन दिसलं पाहिजे एवढंच नियम म्हणतो, कसं ते म्हणत नाही. तुम्ही टाकीत बुचाचा गोळा सोडला, त्याला तार लावली, आणि तार झाकणातून वर काढली. टाकी भरली की तार वर, रिकामी झाली की खाली. मग एकेक लिटर मोजून ओतत तारेवर खुणा केल्या. दोन टाक्यांना अख्खा दिवस लागला. रिकामं म्हणजे खरोखर रिकामं, असा तो विमानातला एकमेव काटा आहे, असं तुम्ही म्हणायचात.

दुसऱ्या खुर्चीमुळे दोन गोष्टी वाढल्या. एक म्हणजे पाटी, बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर: ‘हे विमान हौशी व्यक्तीने बांधलेले असून प्रमाणित विमानांचे सुरक्षानियम यास लागू नाहीत.’ अक्षर चांगलं म्हणून ती मी रंगवली. जाऊबाईंनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या की अशी पाटी लग्नाच्या वेळी गळ्यात घालायची पद्धत असती तर बरं झालं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे एक नारिंगी डबा. विमान जोरात आपटलं की तो आपोआप रेडिओवर ओरडायला लागतो, म्हणजे शोधणाऱ्यांना सापडायला सोपं. त्याचं नाव आपण बोंबल्या ठेवलं. एकाच माणसाचं विमान असेल तर बोंबल्या लागत नाही. दोघांचं असेल तर लागतो. पहिले चाळीस तास चाचणीचे असतात, ते एकट्यानेच, नकाशावर आखून दिलेल्या वर्तुळात उडायचे. त्या तासांतही लागत नाही. पण चाळीस तास संपून दुसरं माणूस आत बसलं की तो हवाच. तुम्ही तो वेळेच्या कितीतरी आधी आणून खुर्चीच्या मागे बसवून टाकला. वेळेच्या आधी करणं हा तुमचा गुण होता असं मी तोपर्यंत समजत होते.

तपासनीस यायच्या चार महिने आधी तुमची डॉक्टरांची वार्षिक तपासणी झाली. विमान चालवणाऱ्यांचे डॉक्टर वेगळे असतात आणि ते गोड बोलत नाहीत. तुमच्या छातीचा कागद त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. म्हणाले, या वर्षी सही करतो, पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊ नका आणि दुसऱ्याकडेही जाऊ नका. म्हणजे तपासनीस आला तेव्हा तुमच्या हातात आठ महिने होते. आठ महिन्यांत कागद मिळवायचा, चाळीस तास एकट्याने उडायचे, आणि उरलेल्या दिवसांत कधीतरी तिला शेजारी बसवायचं. तुम्ही हे मला सांगितलं, त्यांना नाही.

तपासनीस उंच, वाळका माणूस, सर्दी झालेला. हातात छोटी बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा. तीन तास तो विमानाच्या आत-बाहेर करत होता. बुचाच्या गोळ्यापाशी थांबला, तार वरखाली करून पाहिली, आणि म्हणाला की कारखान्याच्या विमानात एवढं खरं दाखवणारं त्याने पाहिलेलं नाही. तुम्ही मान खाली घातलीत. मग तो उंचीच्या काट्यापाशी आला. आरसा मागे घालून बराच वेळ पाहत राहिला.

“हे सील कुणाचं?”

“माझं,” तुम्ही म्हणालात. अभिमानाने म्हणालात, हे मी मुद्दाम लिहिते.

तो काटा कारखान्यातून सीलबंद आला होता. तुम्ही तो पिशवीत घालून पाण्याच्या टाकीच्या चौऱ्याण्णव पायऱ्या चढलात. टाकीची उंची पालिकेच्या नकाशावरून काढलेली. काटा वीस फूट कमी दाखवत होता. बाजारातल्या माणसाने जे केलं असतं तेच तुम्ही केलंत. सील तोडलं, उघडला, आतली डबी हलक्या हाताने सरळ केली, परत टाकीवर चढून पाहिलं, खाली आलात, आणि तारेवर शिशाचा मणी लावून एकशे बारा दाबलात. आम्हाला कुणाला सांगितलंही नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं?

तपासनीसाने नाक पुसलं. विचारलं की वीस फुटांची सूट नियमातच आहे, हे माहीत नव्हतं का.

“आमच्याकडे किलोमागे वीस ग्रॅम मारले तर दुकानाला टाळं लावतात.”

“आता बरोबर दाखवतो?”

“आता चुकत नाही.”

“मग आता तो चालणार नाही,” तपासनीस म्हणाला, आणि लिहायला लागला. काटा मान्यताप्राप्त कार्यशाळेत जायला हवा, तिथलं सील आणि तिथला दाखला यायला हवा. मी वाद घालायला तोंड उघडलं. नियम त्याच्या बाजूने होता, मी ते पान स्वतः वाचलं होतं. तोंड मिटलं.

माणूस वाईट नव्हता. निघताना त्याने तुम्हाला एक वाट सांगितली. दुसरी खुर्ची काढून टाका, एका माणसाचं विमान म्हणून अर्ज करा. पाटी नको, बोंबल्या नको, पुढचं सगळं सोपं. तशीही बसणार कोण?

“ही,” तुम्ही म्हणालात.

जाऊबाई थर्मासमधून चहा ओतत होत्या. “मी नाही,” त्या म्हणाल्या.

तपासनीसाने दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, मग काय लिहू.

“खुर्ची राहील,” तुम्ही म्हणालात.

कार्यशाळेने सात आठवडे लावले. काटा परत आला तो ‘दुरुस्त करून प्रमाणित’ असा दाखला घेऊन आला. तुम्ही पुन्हा टाकीवर चढलात. आता तो पंधरा फूट कमी दाखवत होता. ही चूक वीस फुटांच्या सुटीत बसत होती, सील मान्यताप्राप्त होतं, सगळं रीतसर झालं होतं. तुम्ही काट्याखाली एक चिठ्ठी चिकटवलीत: ‘अधिक १५’. दुसऱ्या खेपेला तपासनीसाने ती चिठ्ठी पाहिली, खोकला, आणि सही केली.

मग चाळीस तास. आठवड्याला एक, हवा चांगली असली तर दोन. धावपट्टीच्या कडेला एक बाक होता, त्यावर जाऊबाई आणि मी. तुम्ही वर गेलात की त्या शिवण काढायच्या आणि एक टाका घालायच्या नाहीत. घड्याळ बघायच्या. तुमचे दादा एकदाच आले, गुडघा धरून बाकावर बसले, वर बघत म्हणाले, हा लहानपणी झाडावर चढला की उतरवायला मला जावं लागायचं, आता माझ्याच्याने होणार नाही. मग डुलकी काढली. तुम्ही उतरलात तेव्हा उठून विचारलं, झालं?

तिसाव्या तासाच्या आसपास जाऊबाईंना डॉक्टरांचं कळलं. तुमच्या कोटाच्या खिशात प्रमाणपत्र होतं, धुवायला टाकताना त्यांनी तारीख वाचली. त्यांनी तुम्हाला काही विचारलं नाही. मला विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं, आणि कोट धुवायला टाकला.

चाळिसावा तास संपला तेव्हा प्रमाणपत्राचे अकरा दिवस उरले होते. रविवार होता. तुम्ही उतरलात, इंजिन बंद केलंत, वहीत वेळ लिहिलीत. जाऊबाई बाकावरून उठल्या. डोक्याला घट्ट रुमाल, पायांत सपाट बूट, खांद्याला पर्स. त्या घरूनच तशा तयार होऊन आल्या होत्या आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. विमानापाशी जाऊन म्हणाल्या, “सरका जरा. बाकावर बसून घड्याळ बघण्यापेक्षा आत बसलेलं बरं.”

तुम्ही रुमाल काढून त्यांची खुर्ची पुसलीत, ती स्वच्छच होती. त्या चढल्या, पट्टा बांधला, माझी पाटी तिसऱ्यांदा वाचली. तुम्ही पट्टा दोनदा ओढून पाहिलात. भाऊजी, तुमचा तसा चेहरा मी त्रेचाळीस बाबींच्या यादीवरही पाहिला नव्हता.

आणि मी कागद काढले. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण दुसरं माणूस बसणार म्हणजे कागद बघायचा, हा हाताचाच गुण. एकेक ओळ बोटाने वाचत गेले. पट्टे, आहेत. पाटी, आहे. बोंबल्या, आहे; बॅटरी मुदतीत असलेला. मी खुर्चीमागे वाकले, नारिंगी डब्यावरचं लेबल चष्मा वर करून वाचलं. बॅटरीची मुदत एकोणीस दिवसांपूर्वी संपली होती. वेळेच्या आधी आणलेला डबा, वेळेच्या आधीच म्हातारा झाला होता. कार्यशाळेत सात आठवडे गेले नसते तर तो त्या दिवशी धडधाकट असता.

मी तारीख मोठ्याने वाचली.

तुम्ही इंजिनाकडे बघत राहिलात. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं तुम्ही म्हणालात, “वहिनी, एकच चक्कर. पट्टीच्या वरच. दहा मिनिटं.”

मी म्हणाले, “बॅटरी संपलीय, भाऊजी.”

तुम्ही वही मिटलीत. “बरोबर आहे,” म्हणालात. आणि त्यांच्याकडे वळून, “उतर गं.”

त्या उतरल्या. रुमाल सोडून पर्समध्ये ठेवला. मला वाटलं आता काही बोलतील. पण त्या म्हणाल्या की बॅटरी आणा, मी परत चढेन, आता एकदा बूट घातलेच आहेत.

लोकांनी नंतर मला विचारलं की क्लबमधला दुसरा कुणी चालक त्यांना घेऊन गेला असता की, विमान तर होतंच. तुम्हाला विचारल्यावर तुम्ही म्हणालात, “तिला बसायचं असेल तर बसू दे.” त्यांना विचारल्यावर त्या म्हणाल्या की परक्या माणसाबरोबर एवढ्या उंचावर जायचं तर ओळख नको का. तो विषय तिथेच संपला.

बॅटरीचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. डबा काढून बरोबर न्यायचा, तिथे नवी बसवून, तपासून, नवी तारीख मारून घ्यायची. अर्ध्या दिवसाचं काम. सोमवारी जाऊ, तुम्ही म्हणालात, आणि मी बरोबर यायला हवी, कारण तिथला माणूस नियमांचे आकडे टाकून बोलतो आणि तुम्हाला त्याला उत्तर देता येत नाही. सोमवारी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. दाढ दुखत होती, तीन आठवड्यांनी मिळालेली वेळ होती. मी म्हणाले, सोमवार नको, गुरुवारी जाऊ, अकरा दिवस आहेत, एवढी काय घाई. तुम्ही म्हणालात, चालेल.

बुधवारी दुपारी तुम्ही दुकानात वीस किलोचं वजन उचललंत, परत ठेवलंत, आणि शेजारच्या स्टुलावर बसलात. उठला नाहीत. कुलूपवाल्याने रिक्षा बोलावली. दवाखान्यात सोळा दिवस. प्रमाणपत्राची मुदत संपली त्या दिवशी मी तुमच्या पलंगाशेजारी होते. तुम्ही सलाइनच्या बाटलीवरच्या खुणा बघत होतात. म्हणालात, यांच्या खुणा सारख्या अंतरावर नाहीत.

त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. दुकान चालवलंत, जड काटे घेणं सोडलंत. दर रविवारी क्लबच्या हँगरमध्ये जाऊन विमानाची धूळ पुसायचात, बुचाच्या गोळ्याची तार वरखाली करायचात. माझ्याकडे पाहून कधी उसासासुद्धा टाकला नाहीत, आणि तो टाकला असता तर मला बरं वाटलं असतं, हे तुम्हाला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. मीही कधी विषय काढला नाही. मी कोणत्या तोंडाने काढणार, नियम माझ्या बाजूने होता.

जाऊबाई एकदाच बोलल्या. तुम्ही गेल्यावर, मागच्या महिन्यात, तुमचं कपाट आवरताना. शर्टाची घडी घालत म्हणाल्या, “ताई, तुम्ही तारीख वाचलीत ते बरोबरच होतं. सोमवारी जायला हवं होतं.” मी म्हणाले, हो. दुसरा शर्ट त्यांनी माझ्याकडे दिला, मी घडी घातली.

सेक्रेटरींना एवढं सांगते की विमान व्यवस्थित आहे, उंचीला पंधरा मिळवावे लागतात, आणि दुसऱ्या खुर्चीवर आजवर कुणी उडालेलं नाही. दाढ त्या सोमवारी डॉक्टरांनी काढलीच नाही, सूज उतरू दे म्हणाले. म्हणजे तेही काम त्या दिवशी झालं नाही.

तुम्ही त्या रविवारी दिलेली चिठ्ठी माझ्याकडे आहे. बॅटरीचा नंबर, पत्ता, दुसरा मजला, जिन्याला कठडा नाही, आणि खाली तुमच्या अक्षरात: ‘गुरुवार, सकाळी ११, वहिनींना घेऊन.’ त्या नंबरची बॅटरी अजून मिळते का, ते मी दुकानात फोन करून विचारलेलं नाही.